पुरवठादार वैविध्य

मोठ्या कंपन्यांनी कच्चा माल, सुटे भाग व सेवा यांची खरेदी मूठभर प्रस्थापित पुरवठादारांपुरती न ठेवता, बाजारात ज्यांना सहसा शिरकाव मिळत नाही अशा समाजघटकांच्या उद्योगांनाही तीत वाटा देण्याचे धोरण. अमेरिकेत वांशिक अल्पसंख्याक, स्त्रिया, माजी सैनिक व अपंग यांचे, तर भारतात मुख्यतः अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांचे उद्योग यात मोडतात. ही खरेदी अनुदान नव्हे. दर्जा, दर आणि मुदत यांच्या अटी पुरवठादाराला पाळाव्याच लागतात.

उगम : १९६० च्या दशकातील नागरी हक्क चळवळ आणि शहरी दंगली यांनंतर अमेरिकेत हा विचार रुजला. १९६७ मध्ये डेट्रॉइट दंगलीत होरपळले. पुढच्याच वर्षी तेथील जनरल मोटर्सने असा कार्यक्रम सुरू केला. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापले. १९७८ च्या कायद्यानुसार मोठी संघराज्यीय कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना लहान व वंचित उद्योगांना पोटकंत्राटे देण्याचा आराखडा सादर करणे भाग पडले.

कार्यपद्धती : नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल (१९७२) आणि स्त्री-उद्योजकांसाठीची वीबेंक (१९९७) या संस्था पुरवठादारांना प्रमाणपत्र देतात. किमान ५१ टक्के मालकी आणि कारभाराची सूत्रेही त्या गटाच्या हाती असणे ही मुख्य अट असते. थेट पुरवठादारांखेरीज त्यांच्या पोटपुरवठादारांकडे गेलेला पैसाही अनेक कंपन्या वेगळा मोजतात. अशा उद्योगांकडून वर्षाला किमान १०० कोटी डॉलरची थेट खरेदी करणाऱ्या कंपन्यांचा ‘बिलियन डॉलर राउंडटेबल’ हा गट २००१ मध्ये स्थापन झाला.

आर्थिक व सामाजिक परिणाम : लहान उद्योग बहुधा आसपासच्या वस्तीतूनच कामगार घेतो. त्यांचा पगार तेथील दुकाने, घरभाडे आणि शाळा यांवर खर्च होतो, आणि स्थानिक करांतही भर पडते. मोठ्या कंपनीची ऑर्डर हाती असली की बँकेकडून खेळते भांडवल मिळणे सोपे जाते. खरेदीदार कंपनीलाही पर्यायी पुरवठादार मिळतात. एका कारखान्यात काम थांबले तरी उत्पादन अडत नाही. मात्र हे लाभ टिकतात ते ऑर्डरींच्या सातत्यावर आणि वेळेवर होणाऱ्या देयकांवर. एखाद-दुसरे काम देऊन पुरवठादारांची यादी वाढते, पण त्या भरवशावर कोणी यंत्र घेत नाही की कायम कामगार नेमत नाही.

भारत : मार्च २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीत सूक्ष्म व लघुउद्योगांचा वाटा २० टक्के ठरवला; २०१८ मध्ये तो २५ टक्के झाला. त्यांपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या, तर ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून अपेक्षित आहे. निविदेत असा उद्योग सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असला, तरी दर तितका खाली आणून काही हिस्सा पुरवण्याची संधी त्याला मिळते. हे बंधन खासगी कंपन्यांवर नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यातील देयकाची कमाल ४५ दिवसांची मुदत मात्र त्यांनाही लागू आहे; ती उलटल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री (डिक्की) दलित उद्योजकांना अशा खरेदीशी जोडण्याचे काम करते.

मर्यादा व वाद : नामधारी मालक पुढे करून प्रमाणपत्र मिळवणे, तसेच अनेक छोटी कामे एकत्र करून लहानांच्या आवाक्याबाहेरचे एकच कंत्राट काढणे, यांमुळे धोरणाचा हेतू विफल होतो. वंशावर आधारलेल्या प्राधान्याला अमेरिकेत न्यायालयांतही आव्हान मिळाले. कंत्राटाच्या ३० टक्के रकमेची पोटकंत्राटे अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी राखून ठेवण्याची रिचमंड शहराची योजना सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. जानेवारी २०२५ मधील अध्यक्षीय आदेशाने संघराज्यीय कंत्राटदारांच्या वैविध्य कार्यक्रमांवर दबाव वाढला. वंशाऐवजी उद्योगाचा आकार किंवा स्थान हा निकष लावणे, हा अशा वेळी कंपन्यांपुढील एक पर्याय असतो.