वीतभर उंचीचा दरबार

साल 1800. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, निहोनबाशीचा पूल ओलांडून तुम्ही उत्तरेकडे चालू लागता. दुसरा चांद्रमास सरत आलाय. पुढच्या महिन्याच्या तृतीयेला मुलींचा, घरात बाहुल्या मांडायचा सण, आणि तुमच्या नातीचा तो पहिलाच. जुक्केनदाना या बाजारपेठेत पोचता तेव्हा चालायलाही जागा नसते. दोन्ही बाजूंना बाहुल्यांची दुकानं, शिवाय भर रस्त्यात सणापुरते उभारलेले मांडव. घासाघीस जोरात चाललेली. हिना म्हणजे या सणाच्या बाहुल्यांचा हा बाजार सण आला की उठतो, म्हणून गिऱ्हाइकालाही घाई आणि दुकानदारालाही.

तुम्हाला हवी असते चांगली हातभर उंच राजा-राणीची जोडी. दुकानदार हळूच मान हलवतो. 1721 मध्येच हुकूम निघालाय: बाहुली आठ सुनपेक्षा उंच नको. आठ सुन म्हणजे साधारण 24 सेंटिमीटर, आपली वीतभर. त्यात शोगुनचे मुख्य मंत्री मात्सुदाइरा सादानोबु यांच्या काटकसरीच्या फर्मानांनी धाक आणखी वाढवला. ते पायउतार होऊन सात वर्षं झाली, तरी दुकानदार सावध आहे.

तो वीतभर राणी तुमच्या पुढ्यात ठेवतो. चेहरा नीट बघा. ही गोरी झाक रंगाची नव्हे. ऑयस्टरच्या शिंपल्यांची पूड सरसात कालवून थरावर थर दिलेत, घासून गुळगुळीत केलेत. कपाळावरचे केस जिथे सुरू होतात तिथल्या रेषा इतक्या बारीक, की तुम्ही नकळत श्वास रोखता. डोकं एकाने घडवलंय, हातपाय दुसऱ्याने, कपडे तिसऱ्याने. मांडणीच्या खालच्या पायरीवर पाच कलाकार: एक गाणारा, एक बासरीवाला, तिघे ढोलकरी. ही एदोकरांची हौस.

खरी गंमत पुढे आहे, उएनोच्या तळ्याकाठी. तिथलं शिचिझावाया हे दुकान बाहुल्यांचा संसार विकतं: लाखेच्या पेट्या, ताटवाट्या, सगळं आपल्या भातुकलीहूनही चिमुकलं, आणि त्यावर सोन्याची नक्षी. उंची घटली की खर्च घटेल, हा सरकारी हिशेब कारागिरांनी साफ उलटवला. मला तर वाटतं, बंदी नसती तर इतकी बारीक कलाकुसर झालीच नसती.

इथे जुक्केनदानात तुम्ही वीतभर जोडीच घेता. दुकानदार राणीचा चेहरा मऊ कागदात गुंडाळतो आणि बजावतो, ‘‘तोंडाला बोट लावू नका, पाणी तर नकोच.’’

आजही जपानहून अशी बाहुली भेट म्हणून आणणार असाल, तर चेहरा शिंपल्याच्या पुडीचा आहे की प्लास्टिकचा, ते आधी विचारा. शिंपल्याचा असेल आणि घर मुंबईत किंवा कोकणात असेल, तर पावसाळ्यात ती शोकेसमध्ये मिरवू नका. दमट हवेने सरस सुटतो. कागदात गुंडाळून कोरड्या लाकडी पेटीत ठेवा.