लाडवातील प्रथिने : एका वादाचा इतिहास

'प्रथिनयुक्त' असा ठळक शिक्का असलेल्या वड्या, बिस्किटे आणि पावडरींचे डबे आता तालुक्याच्या गावातील दुकानांतही दिसतात. साहजिकच पालक शिक्षकांना विचारतात, 'मुलाला हे द्यावे का? घरच्या लाडवात प्रथिने असतात का?' प्रश्न साधा असला तरी त्याच्यामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात जगातील मोठमोठ्या संस्थांचे अंदाज चुकले, आणि ते दुरुस्त करण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. त्या कामात एका साध्या गोड वडीनेही महत्त्वाची भूमिका बजावली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू आणि मग लाडवाकडे वळू.

प्रथम क्रमांकाचा पदार्थ

१८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने अंड्याचा पांढरा बलक, रक्त, दूध अशा पदार्थांतील नायट्रोजनयुक्त द्रव्याला 'प्रोटीन' हे नाव दिले. ते त्याला स्वीडनच्या बर्झेलियसने सुचवले होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या क्रमांकाचे', आणि आपल्या 'प्रथिन' या शब्दाचेही 'प्रथम'शी नाते जुळते. नावातच असा मान असल्यामुळे असेल, पण प्रथिने जितकी जास्त तितकी चांगली ही समजूत तेव्हापासून रुजली. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील फॉइट याने श्रम करणाऱ्या माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत असे सांगितले. तेथील कामगार जे खात होते त्यावरच हा आकडा मुख्यतः बेतलेला होता. माणसे किती खातात आणि त्यांना किती लागते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा येथे विसर पडला. १९०४ मध्ये अमेरिकेतील चिटेंडन याने स्वतःवर, सहकाऱ्यांवर, सैनिकांवर आणि खेळाडूंवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवले की, याच्या निम्म्या प्रथिनांवरही माणूस उत्तम राहतो.

प्रमाणाबरोबर प्रतीचाही प्रश्न होता. १९१४ च्या सुमारास ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना केवळ एकाच प्रकारचे प्रथिन देऊन पाहिले. मक्यातील झेईन या प्रथिनावर ठेवलेल्या उंदरांचे वजन घटत गेले. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल घातल्यावर घट थांबली आणि जोडीला लायसिन दिल्यावर वाढही सुरू झाली. म्हणजे प्रथिन ही एकसंध वस्तू नसून ती अमिनो आम्लांची माळ आहे. या आम्लांपैकी नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांतील एक जरी कमी पडले तरी बाकीच्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही.

आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा आहे. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसिन कमी असते, तर डाळींत ते भरपूर असते. डाळींत मेथिओनीन कमी, तर तिळात ते चांगल्या प्रमाणात असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, पुरणपोळी, तीळ आणि डाळवे यांचा लाडू या साऱ्यांत हेच गणित आहे, मग ते करणाऱ्यांना अमिनो आम्ले ठाऊक असोत वा नसोत.

एक आजार आणि एक घबराट

१९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (आजचे घाना) येथे काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी लहान मुलांच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावर सूज, केसांचा व कातडीचा बदललेला रंग आणि मलूल चेहरा ही त्याची लक्षणे होती. १९३५ मध्ये त्यांनी त्याचे स्थानिक नाव जगापुढे ठेवले, क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा भावार्थ. ही मुले मक्याच्या पातळ पेजेवर वाढत होती. प्रथिनांचा अभाव हे कारण उघड दिसत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या एका आजाराच्या आधाराने मोठा निष्कर्ष काढला गेला. गरीब देशांतील कुपोषण म्हणजे प्रामुख्याने प्रथिनांचा तुटवडा, असे मानले जाऊ लागले. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रथिन सल्लागार गट नेमला. माशांचे पीठ, पेट्रोलियमवर वाढवलेले यीस्ट, लायसिन जास्त असलेला मका असे अनेक मार्ग शोधले गेले. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाच्या शीर्षकातच येऊ घातलेल्या 'प्रथिन-संकटा'चा इशारा होता.

भारतातही काम सुरू झाले. म्हैसूरला १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इंडियन मल्टिपर्पज फूड' तयार केले. तेल काढून उरलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग, वर काही जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम. त्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. पेंड आपल्याकडे मुबलक असल्याने कल्पना उत्तम होती. पण १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष त्याला कारणीभूत होते. हेच अफ्लाटॉक्सिन. ते यकृताला घातक असून नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. त्यामुळे शेंगदाणा हे मुलांच्या आहारातील स्वस्त प्रथिन म्हणून वापरताना साऱ्यांनाच सावध व्हावे लागले.

हैदराबादची गोड वडी

याच सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी एक वेगळेच निरीक्षण मांडत होते. एकाच भागात, साधारण सारखाच आहार घेणाऱ्या मुलांपैकी काहींना सूज येणारा क्वाशिओरकोर होतो, तर काही केवळ सुकत जातात. मग केवळ प्रथिनांच्या कमतरतेने या फरकाचा उलगडा कसा होणार?

त्यांनी प्रयोग केला. हैदराबादजवळच्या खेड्यांतील एक ते पाच वर्षांच्या कुपोषित मुलांना रोजच्या जेवणाशिवाय एक गोड वडी देण्यात आली. तिच्यात गव्हाचे पीठ २३ ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम आणि खाद्यतेल १० ग्रॅम होते. म्हणजे ऊर्जा सुमारे ३१० किलोकॅलरी, पण प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. हा उपक्रम चौदा महिने चालला. वडी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांची उंची आणि वजन लक्षणीय वाढले. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रथिने जवळजवळ न वाढवता मुले वाढली होती! याचा अर्थ त्यांच्या घरच्या आहारातील प्रथिने अगदीच अपुरी नव्हती. ऊर्जा कमी पडत असल्याने ती वाढीसाठी वापरलीच जात नव्हती.

हाच मुद्दा आकडेवारीच्या अंगाने डॉ. पां. वा. सुखात्मे मांडत होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ रोमच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले. भारतातील आहार-पाहण्यांचा अभ्यास करून १९७० मध्ये त्यांनी दाखवले की, धान्य व डाळीच्या आहारातून ज्याला पुरेशी ऊर्जा मिळते त्याला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना मुळात अन्नच कमी पडते. चुलीत सरपण नसले की घराचे वासे जाळावे लागतात. तसे पोटात पुरेसे अन्न नसले की शरीर प्रथिने ऊर्जेसाठी जाळते. अशा मुलाला नुसती प्रथिन-पावडर देणे म्हणजे महागडे सरपण पुरवणे होय.

पुढे, शरीर कमी ऊर्जेशी कितपत जुळवून घेऊ शकते या प्रश्नावर सुखात्मे आणि गोपालन यांचे तीव्र मतभेद झाले. गोपालन यांचे म्हणणे असे की, खुरटलेल्या मुलाला 'जुळवून घेतलेले' म्हणणे हे कुपोषणाचे समर्थनच ठरेल. पण प्रथिनांच्या संकटाबाबत दोघांचे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रकरणाला 'प्रथिनांचा महाफज्जा' अशा अर्थाचे शीर्षक दिले. १९७७ मध्ये तो सल्लागार गटही बंद झाला.

म्हणून प्रथिने महत्त्वाची नाहीत, असा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. वाढत्या मुलाला दोन्ही हवीत, ऊर्जाही आणि चांगल्या प्रतीची प्रथिनेही. राष्ट्रीय पोषण संस्थेने पुढे प्रचारात आणलेले 'हैदराबाद मिक्स' याच समतोलाचे उदाहरण आहे : भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभरा १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. या ८६ ग्रॅमांतून ३३० किलोकॅलरी आणि ११.३ ग्रॅम प्रथिने मिळतात. नीट पाहिले तर हे आपल्या लाडवाचेच कोरडे पीठ आहे.

आता लाडू

लाडवाचा मोठा गुण म्हणजे थोड्या आकारमानात बरीच ऊर्जा. लहान मुलाचे पोट लहान असते, पातळ पेजेने ते लगेच भरते आणि ऊर्जा मात्र थोडीच मिळते. पण नेहमीच्या लाडवात साखर-तूप जास्त आणि प्रथिने कमी, असे होते का, हे वर्गात गणित म्हणून सहज करून पाहता येईल.

दर १०० ग्रॅममागील प्रथिने अशी धरावीत : बेसन २०.८ ग्रॅम, डाळवे २२.५, शेंगदाणे २५.३, तीळ १८.३, गूळ ०.४. तूप आणि साखर यांत जवळजवळ शून्य. बेसन २०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम आणि साखर २०० ग्रॅम घेऊन २५ ग्रॅमचे वीस लाडू केले तर एका लाडवात सुमारे २.१ ग्रॅम प्रथिने येतील. त्याऐवजी डाळवे २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, चिरलेला गूळ १०० ग्रॅम आणि पातळ तूप ५० ग्रॅम घेऊ. हेही वीसच लाडू होतात, पण एका लाडवात सुमारे ४ ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे २०२० च्या शिफारशी सांगतात. दोन लाडवांतून त्याचा तिसरा हिस्सा मिळतो.

कृती सोपी आहे. डाळव्याचे पीठ करावे, दाण्यांचा व तिळाचा कूट करावा, गूळ घालून सर्व पुन्हा एकदा मिक्सरमधून फिरवावे म्हणजे दाण्यांचे तेल सुटून मिश्रण मिळून येते. मग कोमट तूप घालून लाडू वळावेत. पाण्याचा हात लावू नये, नाहीतर लाडू टिकत नाहीत.

यातील प्रत्येक पायरीमागे कारण आहे. भाजल्याने कडधान्यांतील पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये बरीचशी निष्प्रभ होतात. कच्च्या सोयाबीनपेक्षा शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर चांगले वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. सोयाबीनचे पीठ वापरायचे असेल तर ते नीट भाजलेलेच हवे. पण भाजणे खमंगपणापर्यंतच असावे. साखर आणि प्रथिने एकत्र तापली की तांबूस रंग व वास देणारी एक अभिक्रिया घडते. तिचे वर्णन फ्रान्सच्या मायार याने १९१२ मध्ये केले. तीत नेमके लायसिन खर्ची पडते. म्हणून करपवू नये आणि गूळ भाजल्यानंतरच मिसळावा.

शेंगदाणे निवडणे हे काम आळसाने टाळू नये. बुरसटलेले, काळपट, सुरकुतलेले, चवीला कडवट दाणे काढून फेकावेत आणि उरलेले कोरड्या डब्यात ठेवावेत. अफ्लाटॉक्सिनविरुद्ध घरच्या घरी करता येण्याजोगा हा एक उपाय आहे. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी हेच पीठ दुधात कालवावे. दाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांना अर्थातच हे लाडू चालणार नाहीत. आणि गूळ हीसुद्धा साखरच आहे. हैदराबाद मिक्समधील गुळाचे प्रमाण कुपोषित मुलासाठी योग्य असले तरी वजन आधीच जास्त असलेल्या मुलाला ते योग्य असेलच असे नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. दुसरीकडे, शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पावडरी घेऊ नयेत, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिला. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली तर पालकांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला डब्यातल्या पावडरीची गरज नाही, आणि ज्याचे भरलेले नाही त्याला आधी पोटभर जेवण हवे. जेवणाच्या जोडीला डाळवे, दाणे आणि तिळाचा एखादा लाडू मिळाला तर उत्तमच. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या लाडवांचे प्रमाण विचारून आणावे आणि वरील आकडे वापरून प्रत्येकातील प्रथिने काढावीत. विज्ञान आणि गणित यांचा एक तास त्यात चांगला जाईल.