खुराक कोणाचा, भार कोणाचा?



फडात कुस्ती मारलेल्या मल्लाला लोक खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, गुलाल उधळतात. पण ह्या मल्लाची शक्ती कोणाच्या अन्नावर उभी राहिली, हा प्रश्न हलगीच्या कडकडाटात कोणी विचारीत नाही. माझे आयुष्य ओझी उचलणाऱ्या माणसांच्या संघटनेत गेले, म्हणून मला तोच प्रश्न आधी सुचतो. माझी शाळा लवकर सुटली. जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, कामे आटोपल्यावर रात्री झाले. त्या वाचनातून आणि मोंढ्यातल्या अनुभवातून बलोपासनेचा जो इतिहास मला दिसला, तो आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. बाराव्या शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. ती कल्याणी म्हणजे लातूरच्या सीमेपलीकडचे आजचे बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘मल्लविनोद’ असे प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांचे वर्णन त्यात येते. डाळी, मांस, दूध, साखर असा त्यांचा खुराक. मेहनतीत पोहणे आहे, खांबावरचा व्यायाम आहे, आणि ‘भारश्रम’ म्हणजे वाळूने भरलेली गोणी उचलण्याचा व्यायामही आहे. हा सारा खर्च राजा करीत असे. गोणी उचलणाऱ्याला अन्न द्यावे लागते, हे नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला ठाऊक होते, एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता तालमीत जाऊ. लाल माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद घालतात. पहाटे वस्तादाच्या नजरेखाली जोर आणि बैठका, मग मातीत लढती. कोणी मुद्गल फिरवितो, कोणी नाल उचलतो. आज दहा जोर तर महिन्याने पन्नास, आज लहान नाल तर वर्षाने मोठा. भार हळूहळू वाढवीत न्यायचा, हे तत्त्व वस्तादांनी शास्त्राच्या पुस्तकातून घेतले नव्हते, पण आजचे शास्त्रही तेच सांगते. मेहनत झाली की अंग रगडून घ्यायचे, खायचे आणि झोपायचे. स्नायू भाराखाली वाढत नाही. भार उतरल्यावर अन्न आणि विश्रांती मिळाली तर तो वाढतो.

खुराकाचेही तसेच. रात्री भिजविलेले बदाम सकाळी सोलून वाटायचे, त्यात खसखस, बडीशेप, मिरी घालून दुधाबरोबर थंडाई करायची. शिवाय तूप, अंडी, मटण. बळ वाढविणाऱ्या खेळाडूला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिन रोज लागते, असे आजचे आहारशास्त्र मानते. म्हणजे ऐंशी किलोच्या मल्लाला १२० ते १६० ग्रॅम. एक लिटर म्हशीच्या दुधात ते सुमारे ३५ ते ४० ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम असते. जुना खुराक या हिशेबाला बराचसा उतरतो. मात्र त्यात तुपाचा वाटा फार. मेहनत चालू असेपर्यंत ते जिरते. ज्यांचे जोर सुटले पण तूप सुटले नाही, अशा कित्येक मल्लांचे उतारवय मेदाने आणि मधुमेहाने ग्रासले.

हा खुराक गरिबाच्या पोराला परवडणारा नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. १९०२ साली ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. पण मैदानापेक्षा मोठी गोष्ट अशी, की दूरदूरच्या मल्लांचा खुराक दरबाराने पत्करला. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले. राजे गेले हे योग्यच झाले. लोकशाहीत ते जायचेच होते. परंतु त्यांच्या पंगतीला बसणाऱ्या गरीब मल्लाचे ताट आता कोणी वाढावयाचे, हा प्रश्न मागे उरला.

त्याचे पहिले उत्तर कराडजवळच्या गोळेश्वर गावाने दिले. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने, आणि त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. पण एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले यात अभिमानाबरोबर लाजही आहे, ती आपण सांगत नाही.

नंतर व्यवस्था थोडी सावरली. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने कुस्तीगीर परिषद निघाली. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाली, आणि दिनकर दह्यारी तीत विजयी झाले. सहकारी साखर कारखाने मल्लांना मानधन देऊ लागले, पोलीस आणि रेल्वे नोकरी देऊ लागले. आपल्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच काळात पुढे आले. १९६९ साली लातूरच्या मैदानात ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पण तयारीसाठी त्यांना कोल्हापूरची गंगावेस तालीम गाठावी लागली. मराठवाड्याची माती मल्ल देते, पण त्याला पोसण्याची ऐपत तिला आजही नाही.

वजन उचलण्याच्या खेळातही तीच कथा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात ११३ आणि १३५, मिळून २४८ किलो वजन उचलले. शेवटच्या प्रयत्नांत कोपर दुखावले आणि एका किलोने सुवर्ण हुकले. हा चहा-पानाची टपरी चालविणाऱ्या घरातला मुलगा. स्पर्धेत प्रत्येकाला वजन उचलण्याच्या सहा संधी मिळतात, आणि त्या सहांसाठी वर्षानुवर्षे सराव, आहार आणि झोप यांचा हिशेब ठेवला जातो.

आता मोंढ्यात या. आपला हमाल पन्नास किलोची शंभर पोती एका दिवसात वाहतो असे धरले, तर पाच हजार किलो होतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत क्विंटलचे पोते सर्रास होते. ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे, थप्पी लावायची. त्याला वस्ताद नाही, क्रमाने वाढणारा भार नाही. विशीतल्या पोराला जे पोते, तेच पंचावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला. खुराक म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा आणि गोड चहा. म्हणूनच एकाच भाराने मल्लाची पाठ रुंद होते आणि हमालाची पाठ मोडते. सोमेश्वराने गोणीबरोबर ताट दिले होते. आम्ही गोणी ठेवली आणि ताट काढून घेतले.

कायदे झाले नाहीत असे नव्हे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. पण ज्या गावात संघटना असते, त्याच गावात कायदा चालतो, हा माझा अनुभव आहे.

श्रोतेहो, आपले मुदखेड लहान असले तरी जंक्शन आहे. पोतीही येथून जातात आणि गावाकडची पोरेही येथूनच गाडी धरून कोल्हापूर-पुण्याच्या तालमींकडे जातात. माळेगावच्या जत्रेतील कुस्त्यांना टाळ्या देणारे आपण थोडा हिशेब मांडू या. नांदेड-लातूरचे शिवार सोयाबीनने भरलेले आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिन असते, बदामाहून कितीतरी अधिक. ते कच्चे खाऊ नये, नीट शिजवून खावे. तुरीची डाळ, शेंगदाणे, हरभरा, अंडी हीही येथलीच. बदाम नसले तरी खुराक होतो. पण आपण सोयाबीन तेलगिरणीला विकतो, दूध डेअरीला घालतो, आणि पोराला कोरा चहा देतो.

माझे मागणे लांबलचक नाही. गावात एक चांगली तालीम असावी आणि तिच्यातील गरीब मुलांच्या दूध-अंड्यांचा खर्च गावाने उचलावा. मोंढ्यात पन्नास किलोवरचे पोते कोणी भरू नये, आणि हमालांना दुपारी पाठ टेकण्यापुरती सावली, पिण्याचे पाणी व स्वस्त जेवण मिळावे. राजांच्या काळी हे एका माणसाच्या मर्जीने होत असे. आज ते आपल्या ठरावाने व्हावयाचे आहे, आणि नगरपरिषदेपुढे तो ठराव मांडणे आपणा सर्वांच्या हाती आहे.