दिनविशेष : ११ ऑगस्ट १९८६ – उभी राहिली, पण गायली नाहीत

केरळमधील एका शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीत होई. यहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडं इतरांबरोबर अदबीनं उभी राहत, पण गात नसत. परमेश्वराखेरीज कुणाची स्तुती गायची नाही, ही घरची शिकवण. त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहत. कुणाची हरकत नव्हती. जुलै १९८५ मध्ये एका आमदारानं हे पाहिलं, विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी झाली. मुलांकडून राष्ट्रगीताचा अवमान झाला नसल्याचा अहवाल आला. तरीही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेनं २६ जुलैला तिघांचीही नावं शाळेतून काढली. सरकारचा निर्णय येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. तीही मानली गेली नाही.

उच्च न्यायालयात हार झाली. सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांनी आजच्या दिवशी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवं, असा कायदाच देशात नाही. गप्प राहणं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. शिक्षण खात्याच्या परिपत्रकानं मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. अनुच्छेद १९ व २५ यांचा आधार घेत, मुलांना शाळेत परत घ्या, असा आदेश निघाला.

तिघांतलं एक मूल तेव्हा दहावीत होतं. त्या वर्षी शाळेचं दार बंद होणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही आईबापाला सांगावं लागणार नाही.