पिवळी रोल्स आणि जिंतूरचा मिस्त्री

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल हैदराबादला नेली. चारमिनार झाला, सालारजंग म्युझियम झालं, आणि दुपारी पाय दुखायला लागल्यावर चौमहल्ला राजवाड्यात शिरलो. झुंबरांपुढे मुलींनी फोटो काढले. मुलं मात्र जुन्या मोटारींपाशी अडकली, ती हलेचनात. काचेआड एक पिवळीधम्मक, अवाढव्य मोटार उभी आहे. छत मधोमध पालखीसारखं उंचावलेलं, मागची बैठक सिंहासनासारखी. ही निजामाची रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट. लोक तिला 'थ्रोन कार' म्हणतात, म्हणजे तख्ताची गाडी.

नववीतल्या एका पोरानं काचेला नाक लावून विचारलं, "सर, ही आपल्या पैशाची होती का?"

"आपल्या म्हणजे?"

"म्हणजे जिंतूरच्या."

तिथल्या तिथे मी काहीतरी उत्तर दिलं आणि सगळ्यांना बसकडे पिटाळलं. पण प्रश्न सोबत घरी आला. हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल. आज रोल्स रॉइस म्हटलं की लग्नाच्या वरातीत हळूहळू चालणारी श्रीमंती डोळ्यांपुढे येते. सिल्व्हर घोस्टची सुरुवात तशी नव्हती. तिनं नाव कमावलं ते शर्यतीत आणि चाचण्यांत. १९०७ साली ब्रिटनमध्ये एक सिल्व्हर घोस्ट चौदा हजारांहून जास्त मैल इंजिनात बिघाड न होता सलग पळवली गेली. १९११ साली दुसरी एक लंडन ते एडिंबरो आणि परत अशी सगळीच्या सगळी टॉप गिअरवर नेली, आणि त्याच गाडीनं पुढे ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी ७८ मैलांचा वेग गाठला. १९१३ मध्ये आल्प्सच्या घाटांतली अवघड चाचणी झाली. त्या काळात हीच स्पोर्ट्स कार होती.

यातली एक चाचणी आपल्या महाराष्ट्रात झाली, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा घेतली गेली. जाऊन-येऊन सुमारे ६२० मैल, वाटेत सहा घाट. त्या काळचे रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. त्यात उतरलेली सिल्व्हर घोस्ट 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावानं गाजली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांत रोल्सचं वेड पसरलं ते यानंतर. म्हणजे या वेडाची एक वाट सह्याद्रीच्या घाटांतून जाते.

हैदराबादची पिवळी गाडी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात मागवली गेली. ते २९ ऑगस्ट १९११ रोजी वारले, आणि गाडी आली तेव्हा गादीवर सातवे, उस्मान अली खान, होते. इंजिन आणि सांगाडा रोल्स रॉइसचा, वरची बॉडी लंडनच्या बार्कर या कारागिरांच्या पेढीची. त्या काळी कंपनी फक्त चालता सांगाडा विकायची आणि बॉडी वेगळ्या कारखान्यात, गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधली जायची. म्हणून या गाडीला ते घुमटासारखं छत आहे, आणि रंग आसफजाही झेंड्याचा पिवळा आहे.

झेंड्यावर मधोमध एक गोल आहे. आमच्याकडचे जुने लोक त्याला कुलचा म्हणतात, आणि ती गोष्ट तर औरंगाबादची. पहिले निजाम-उल-मुल्क हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याकडे गेले, बाबांनी कुलचे पुढे ठेवले, भुकेलेल्या निजामांनी सात खाल्ले, आणि बाबा म्हणाले की तुमच्या सात पिढ्या राज्य करतील. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण माझ्या नानीनं ती इतक्या खात्रीनं सांगितली होती की मी बरीच वर्षं तिला इतिहासच समजत होतो.

ही गाडी रोजच्या वापराची नव्हतीच. शाही सवारीपुरती बाहेर निघे. मग संस्थान गेलं, सवारी संपली, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली ती राहिलीच. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारले आणि नातू मुकर्रम जाह यांच्याकडे सगळा पसारा आला. इतिहासकार विल्यम डॅलरिंपल यांनी त्याचं वर्णन केलं आहे: चौदा हजारांवर नोकर-आश्रित, झुंबरं पुसायलाच अडतीस माणसं. गॅरेजात साठ गाड्या, त्यांच्या पेट्रोलवर आणि सुट्या भागांवर वर्षाला ४५ हजार पौंड खर्च, आणि चालू स्थितीत फक्त चार! नव्या निजामांना राज्यारोहणानंतर घेऊन जायची लिमोझिनसुद्धा बंद पडली. मला यात हसू येतं आणि वाईटही वाटतं. पेट्रोल कुठे जात होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला विचारा.

यात एक उपरोध आहे. मुकर्रम जाह स्वतः इंजिनवेडे होते. आई दुर्रेशहवार शेवटच्या खलिफांची मुलगी, आजोबा एके काळचे जगातले सर्वात श्रीमंत मानले गेलेले, आणि या माणसाला आवड कशाची, तर ओव्हरॉल घालून ग्रीसमध्ये हात घालायची. तो पसारा आणि त्यातले कोर्टकज्जे सोडून ते पश्चिम ऑस्ट्रेलियात मर्चिसन हाउस नावाच्या लाखो एकरांच्या मेंढ्यांच्या कुरणावर जाऊन राहिले, तिथे बुलडोझर चालवले, जुनी यंत्रं खोलली. इकडे हैदराबादेत त्यांच्याच मोटारींना गंज चढत होता. १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूलला त्यांचं निधन झालं आणि दफन मक्का मशिदीत झालं.

वाचवलं कोणी? त्यांच्या पहिल्या पत्नी एसरा जाह परतल्या, आणि २००० नंतर चौमहल्ल्याचं काम सुरू झालं. मुंबईचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा, कापडचोपडासाठी मार्तंड सिंग अशी माणसं त्यात होती. २०१० साली युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. गळकी छतं, पोपडे आलेल्या भिंती आणि बंद खोल्यांतून राजवाडा पुन्हा उभा राहिला, आणि त्याच ओघात पिवळ्या रोल्सलाही दिवस आले.

जुनी गाडी उठवणं म्हणजे नेमकं काय, हे मला आमच्या जिंतूरच्या एका मिस्त्रींनी समजावलं. वय सत्तरीच्या पुढे, मी त्यांना चाचा म्हणतो. ट्रॅक्टर, जीप, मेटाडोर, सगळं हाताखालून गेलेलं. त्यांच्या शेडमागे लिंबाखाली एक जुनी जीप बरीच वर्षं उभी होती, चारही टायर मातीत बसलेले. ती त्यांनी उठवायला घेतली तेव्हा मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो. मला वाटलं बॅटरी लावतील आणि चावी फिरवतील. चाचा ओरडलेच, "मारना है क्या इंजिन को? पहले तेल पिलाओ, फिर मनाओ."

म्हणजे असं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजानं चिकटतात. जबरदस्ती केली तर रिंग तुटते, भिंतीवर ओरखडा पडतो, कधी पिस्टनच फुटतो. म्हणून प्लग काढायचे, भोकातून डिझेल आणि ऑइल ओतायचं, आठवडाभर वाट पाहायची, मग हँडल लावून हातानं जरासं, अगदी केसभर, हलवायचं. हललं तर अर्धी लढाई जिंकली. टाकीत पेट्रोल सुकून त्याचा राळेसारखा थर बसलेला असतो, तो धुवायचा. रबर तेवढं सगळं फेकायचं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतंच.

सिल्व्हर घोस्टची तर गोष्टच वेगळी. सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले. सुमारे साडेसात लिटरचं इंजिन, ठिणगीसाठी मॅग्नेटो आणि कॉइल अशी दुहेरी सोय. सुटा भाग कुठल्या दुकानात मिळणार? तो लेथवर घडवावा लागतो. त्या काळच्या बॉडीला आत लाकडाचा सांगाडा असायचा. वाळवी, ओल, उंदीर यांनी तो पोखरला की वरचा पत्रा नुसता टरफलासारखा उरतो. म्हणून अशा कामाला मिस्त्रीबरोबर सुतार लागतो, पत्र्याचं काम करणारा लागतो, गादीवाला लागतो, जरीवाला लागतो. मुंबई-पुण्याकडे आणि हैदराबादेत अशा कामांवर जगणारे कारागीर आहेत, त्यांतले कितीतरी आपले आहेत. शाळा सोडून बाराव्या वर्षी गॅरेजात गेलेले. कागदावर त्यांना कोणी इतिहास-जतनकार म्हणणार नाही.

सरकारनं उशिरा का होईना नियम केले. १९५० पूर्वीच्या गाड्या परदेशी नेण्यावर बंधन आहे, नाहीतर संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाल्यावर होतं-नव्हतं तेवढं विलायतेला गेलं असतं. बरंच गेलंही. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

आता त्या पोराचा प्रश्न.

हो, आपल्या पैशाची होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा शेतसारा हैदराबादला जायचा. त्यात जिंतूरच्या काळ्या रानातल्या ज्वारी-कापसाचाही होता. माझे आजोबा सालगडी होते. ते पाच वेळची नमाज पढायचे आणि शेजारच्या मराठा, मांग, वंजारी गड्यांबरोबर त्याच बांधावर भाकरी खायचे. निजामाचं तख्त त्यांचं नव्हतं. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या वेळी काही नजरा आमच्याकडे वळतात, जणू ती पिवळी गाडी आमच्याच अंगणातून निघाली होती. आणि आमच्यातले काही जण उलट, निजामाचं नाव निघालं की उसासे टाकतात, जणू त्या गाडीत आपल्यालाही बसायला जागा होती. दोघांनाही मी हेच सांगतो की आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो.

रझाकारांनी इथे जे केलं ते केलं, ते लपवायचं कारण नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर जे झालं तेही लपवायचं कारण नाही. सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता, आणि तो अहवाल कित्येक दशकं दडपून राहिला. यातलं एकच अर्धं शिकवायचं, असं मला वर्गात जमत नाही.

पण त्याच राज्याची आणखी एक जुनी गाडी आहे, जिच्याबद्दल मी त्या पोराला नंतर सांगितलं. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक बससेवा सुरू केली. गाड्या ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या. त्यांतली 'डेक्कन क्वीन' हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे, लाल रंगाची, साधी. तिला सिंहासन नाही, बाकडी आहेत. माझ्या आजोबांसारखा माणूस तिकीट काढून ज्यात बसू शकला असता ती ही गाडी. पुढच्या सहलीत तिकडेही न्यायचं ठरवलं आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बस पाहायला कशाला बसनं जायचं?"

सहलीहून आल्यावर चाचांना मोबाइलवर पिवळ्या रोल्सचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि छत, सोनेरी नक्षी, सिंहासन सगळं सोडून थेट चाकांकडे नेला. बराच वेळ पाहिलं.

"वजन टायरांवर आहे का जॅकवर? इतकी जड गाडी टायरांवर ठेवू नये, सर. बसतात." मग मोबाइल परत देत म्हणाले, "आणि महिन्यातून एकदा हँडल फिरवायला सांगा त्यांना."

जीप तोवर सुरू झाली होती. सायलेन्सर नव्हता, त्यामुळे पुढचं बोलणं ऐकू आलं नाही.