झडती: तेव्हा शिपायाची, आता कंपनीची

आपल्या नागसेनवनात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मोबाइलवर काय उघडतात? शिष्यवृत्तीचा अर्ज, अ‍ॅट्रॉसिटी खटल्याची बातमी, बुद्धवंदना, शैक्षणिक कर्ज. ही यादी कुणाच्या हाती पडली, तर आडनाव न विचारताही जात कळते. म्हणून इंटरनेट कंपन्यांची पाळत हा आम्हाला फक्त जाहिरातींचा प्रश्न वाटत नाही.

ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २००६ साली फॉर्म या जाहिरात कंपनीच्या यंत्रणेची सुमारे १८,००० ग्राहकांवर गुपचूप चाचणी घेतली. कोण काय वाचतो ते टिपायचे आणि तशा जाहिराती दाखवायच्या, असा तो उद्योग. प्रकरण उघड झाले. पण २०११ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला.

आपल्याकडे जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला एअरटेलच्या ३जी जोडणीवर उघडलेल्या पानांत परका कोड घुसवलेला आढळला. तो इस्रायलच्या फ्लॅश नेटवर्क्स कंपनीचा होता. ग्राहकाला डेटाचा वापर कळावा म्हणून ही व्यवस्था, असे एअरटेलने सांगितले. पण ग्राहकाला विचारले कुणी? उलट फ्लॅश नेटवर्क्सच्या वकिलांची नोटीस त्या प्रोग्रॅमरलाच गेली!

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी माणसाची, त्याच्या घराची आणि कागदपत्रांची अवाजवी झडती होऊ नये, हा मूलभूत हक्क मागितला होता. ३ डिसेंबर १९४८ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत याच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली, तरी ती मंजूर झाली नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके या उणिवेवर बोट ठेवले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले.

तेव्हा झडती घेणारा सरकारी शिपाई डोळ्यांपुढे होता; आज कंपनी आहे, आणि ती दार वाजवत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती घेताना मजकूर आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध करण्याची तरतूद आहे. न समजलेल्या इंग्रजी मजकुराखाली बोट टेकवणे ही संमती नव्हे, तो अंगठा आहे. अंगठ्याच्या जोरावर सावकाराने आपल्या आज्यांच्या जमिनी नेल्या. तो इतिहास आपण मोबाइलवर पुन्हा घडू द्यायचा का?

जय भीम!