माळढोक : महाराष्ट्रातील अधिवास-विखंडन

दख्खनच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, जालन्यापासून सोलापूरपर्यंत, मुरमाड जमिनीवर कुसळी, पवन्या इ. गवतांचे माळ पूर्वी दूरवर पसरले होते. माळढोक (आर्डिओटिस नायग्रिसेप्स) हा अशाच माळांचा पक्षी. नराचे वजन १५ किग्रॅ.पर्यंत भरते, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. प्रजननाचा वेग मंद असल्याने थोडीशी हानीही लवकर भरून निघत नाही.

शिकारीने त्याची संख्या घटली, हे खरे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी झाल्यानंतरही ऱ्हास थांबला नाही. याचे कारण अधिवासात शोधावे लागते. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या नान्नज (जि. सोलापूर) येथील कुरणांत माळढोक टिकून होता. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत ८,४९६ चौ. किमी. क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. नकाशावर ते विस्तीर्ण दिसे. प्रत्यक्षात राखीव कुरणे म्हणजे खाजगी शेते व गावे यांमध्ये विखुरलेले लहान तुकडे होते. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांत नाराजी पसरली व ती अकारण नव्हती. पुढे क्षेत्र घटवून सु. १,२२२ चौ. किमी. करण्यात आले.

ज्वारी, करडई यांची कोरडवाहू शेते या पक्ष्यास परकी नव्हती. तेथे तो चरत असे. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तेव्हा दोन कुरणांमधील हा दुवा तुटला. काही कुरणांत गिरिपुष्पाची लागवड झाली. माळास ‘पडीक’ मानण्याची महसुली दृष्टी येथे अधिक दोषी मानावी लागेल. तुटक गटांत निकट प्रजनन वाढते आणि एखादा अपघातही घातक ठरतो. जड शरीर व समोरचे मर्यादित दृष्टिक्षेत्र यांमुळे विजेच्या तारा त्यास वेळेवर दिसत नाहीत.

इंग्लंडमधील मोठा माळढोक एकोणिसाव्या शतकात नष्ट झाला. २००४ पासून त्याचे पुनर्वसन सॉल्झबरी मैदानावर सुरू झाले. लष्करी सरावाकरिता राखल्यामुळे तेथील गवताळ भूमी सलग राहिली होती. भारतात २०१९ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात बंदिस्त प्रजनन सुरू झाले. नान्नजला काळवीट व लांडगा अद्याप आढळतात. माळढोक मात्र अलीकडील गणनांत एखाद-दुसराच नोंदला गेला आहे.